‘माझे सेरोटोनिन कमी आहे’ म्हणजे नेमके काय?

शिशिरपान (धागालेखक)

गेल्या महिन्यात तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली आणि वर्ग रिकामा झाल्याची खात्री करून तिने विचारले, "सर, सेरोटोनिनची तपासणी कुठे करून मिळते? माझे कमी झाले आहे असे वाटते." मी औषधशास्त्र शिकवतो, तेव्हा उत्तर तोंडावर तयार होते: अशी तपासणी नसते. रक्तातले सेरोटोनिन मोजता येते, पण ते मोजतात मुख्यतः एका विशिष्ट प्रकारच्या गाठीच्या निदानासाठी. मेंदूत काय चालले आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उत्तर बरोबर होते आणि तरीही तिच्या काडीच्या उपयोगाचे नव्हते, कारण तिला खरे सांगायचे होते ते असे की कित्येक आठवडे तिला कशातच रस वाटत नव्हता. ते सांगण्यासाठी तिला सापडलेला सर्वांत सभ्य शब्द ‘सेरोटोनिन’ हा होता.

तेव्हापासून या विषयावर सविस्तर लिहावे असे मनात होते. चार वर्तुळांचे ते चित्र आपण सर्वांनीच पाहिले असेल. डोपामिन म्हणजे बक्षीस, सेरोटोनिन म्हणजे समाधान, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम, एंडॉर्फिन म्हणजे वेदनेवर फुंकर, आणि प्रत्येकाखाली ते ‘वाढवण्याचे’ उपाय. चित्र निखालस खोटे नाही, पण त्यात जेवढे खरे आहे तेवढ्यावर कोणी आपल्या मनाचा हिशेब मांडू नये.

रसायनाला स्वतःचा असा अर्थ नसतो, ही यातली पहिली अडचण. आपला ‘कळ’ हा शब्द घ्या. पोटात कळ येते, यंत्राची कळ दाबतात, भांडणाची कळ काढतात आणि जरा कळ सोसा म्हणतात. शब्द एकच, अर्थ ज्या त्या वाक्यातून ठरतो. सेरोटोनिनचे तसेच आहे. पेशीवरच्या ज्या जागी ते येऊन बसते त्या जागा, म्हणजे त्याचे ग्राही, १४ प्रकारचे आहेत. त्यांपैकी एका प्रकारचे ग्राही अडवले की केमोथेरपीनंतरची उलटी थांबते, तर दुसऱ्या प्रकारचे ग्राही चाळवले की अर्धशिशी उतरते. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, तिथल्या हालचालींचे काम पाहते, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडून मेंदूत जात नाही. १९४८ साली ते रक्ताच्या सीरममधून वेगळे काढले गेले तेही रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून; नावातला ‘सेरो’ त्या सीरमचा आणि ‘टोनिन’ वाहिन्यांच्या ताणाचा. मेंदूत ते असल्याचे दिसले १९५३ मध्ये. मनाशी त्याचा संबंध जोडला गेला तो त्याहूनही उशिरा आणि बराचसा योगायोगाने.

तो योगायोग सांगण्यासारखा आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध दिले जात होते. फुप्फुसांचे काय व्हायचे ते होवो, पण खंगलेली माणसे टवटवीत दिसू लागली, त्यांची भूक वाढली, वॉर्डात गप्पा सुरू झाल्या. दुसरीकडे सर्पगंधा. तिचा रक्तदाबावरचा परिणाम डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि पुढे तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते, असे डॉक्टरांनी नोंदवले. तपासाअंती कळले की इप्रोनियाझिड सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या पेशींमधल्या निरोप्या रसायनांचे विघटन रोखते, तर रिसर्पिन त्यांची कोठारेच रिकामी करते. दोन टोके अशी समोर आल्यावर मधली रेघ कोणीही ओढली असती: ही रसायने कमी पडली की नैराश्य येते. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट यांनी नॉरॲड्रेनलिनच्या बाजूने आणि १९६७ मध्ये ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या बाजूने ती ओढली. दोघांनीही तिला गृहीतकच म्हटले होते. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीन या सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्यावरच्या औषधाला मान्यता मिळाली, जाहिराती सुरू झाल्या आणि गृहीतकाचे ‘रासायनिक असंतुलन’ नावाचे निदान झाले.

मेख इथे आहे. ही औषधे घेतल्यावर काही तासांतच दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन वाढते, पण मन हलके व्हायला दोन, चार, कधी सहा आठवडे लागतात. प्रश्न निव्वळ तुटीचा असता तर असे झाले नसते. तहानलेल्याने पाणी प्यावे आणि तहान महिन्याभराने भागावी, असे कधी होत नाही. उलटा प्रयोगही झालेला आहे. सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन खाण्यातून तात्पुरते काढून टाकले, तर ज्यांना कधी नैराश्य आले नव्हते त्यांची मनःस्थिती सहसा ढळत नाही. मात्र नैराश्यातून नुकत्याच सावरलेल्या आणि सेरोटोनिनवरची औषधे घेणाऱ्या अनेकांची ढळते. म्हणजे सेरोटोनिनचा संबंध आहे, पण तो टाकीतल्या पातळीसारखा नाही.

जाणकारांनी भर घालावी, आणि चुकत असेन तर खुशाल कान धरावा.

रात्रपाळी

लेख आवडला. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि डोपामिन ही माझ्यासाठी अक्षरशः हातात धरायची वस्तू आहे. पाच मिलिलीटरच्या काचेच्या कुपीत २०० मिलिग्रॅम डोपामिन असते. ते सलाइनमध्ये मिसळायचे, पंपावर लावायचे आणि रुग्णाच्या वजनाप्रमाणे दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम जावे ते ठरवायचे. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला ते देतात, कारण त्याने हृदयाचे आकुंचन जोरकस होते. आता बहुतेक वेळा नॉरॲड्रेनलिनच आधी लावले जाते, कारण डोपामिनने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका अधिक असतो. एवढ्या वर्षांत या ठिबकेवर असलेला एकही रुग्ण मी आनंदाने खुललेला पाहिलेला नाही. ठोके धडधडतात, सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचा काळीनिळी पडते, एवढेच. नवीन मुली रुजू होतात तेव्हा हटकून एक तरी विचारते, "सिस्टर, हेच ना ते आनंदाचे?" मी कुपी तिच्या हातात देते आणि म्हणते की हो, तेच, आता मॉनिटरवर नजर ठेव.

शिशिरपान

@रात्रपाळी, हे उदाहरण मी तुमच्या परवानगीने वर्गात वापरणार आहे. शिरेतून दिलेले डोपामिन तो पडदा ओलांडत नाही, म्हणून ते मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. मेंदूला ते हवे असेल तर त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, पाठवावा लागतो; तो पडदा ओलांडतो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले (पुन्हा आपली सर्पगंधा), तेव्हा ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. त्याआधी डोपामिनला नॉरॲड्रेनलिन बनण्याच्या वाटेवरचा एक टप्पा यापलीकडे कोणी किंमत देत नव्हते. या कामासाठी कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. लक्षात घ्या, त्या सशांचा आनंद नव्हे, हालचाल परत आली होती.

कंदीलवाला

सशांवरून आठवले, किंबहुना तेच लिहायला आलो आहे. माझ्या वडिलांना नऊ वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे, म्हणजे मेंदूतले डोपामिन कमी पडते तो आजार. तीन वर्षांपूर्वी लेव्होडोपाच्या जोडीला प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी सुरू झाली, जी डोपामिनच्या ग्राहींवर थेट जाऊन बसते. हाताचा कंप छान आटोक्यात आला, शर्टाची बटणे ते पुन्हा स्वतः लावू लागले, घरात सगळ्यांना हायसे वाटले.

चार महिन्यांनी रात्री पाणी प्यायला उठलो तर बाबांच्या खोलीत उजेड. पांघरूण डोक्यावरून घेऊन ते मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळत होते. तीन वाजून गेले होते. ज्या माणसाने आयुष्यभर जुगाराला नावे ठेवली, तो आपल्या निवृत्तिवेतनाचा मोठा भाग त्यात घालवून बसला होता आणि आम्हाला चाहूलही नव्हती. आम्ही चिडलो, नको ते बोललो, आईने दोन दिवस अबोला धरला. हे औषधामुळे असू शकते, असे आम्हाला आधी कोणीही सांगितलेले नव्हते. गोळीच्या पाकिटातल्या बारीक अक्षरांत ते छापलेले होते, हे नंतर वाचले. पुढच्या तपासणीला मी भीतभीत विषय काढला, तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली आणि मात्रा हळूहळू उतरवत नेली.

मला धागालेखकांना एवढेच विचारायचे आहे की डोपामिन आनंदाचे नसेल, तर बाबांना त्या खेळात काय मिळत होते?

शिशिरपान

@कंदीलवाला, तुमच्या प्रश्नातच या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी वडिलांविषयी. हा दुष्परिणाम दुर्मिळ नाही. कंपवाताच्या ३,०९० रुग्णांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत १३.६ टक्के रुग्णांमध्ये जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काही ना काही आढळले आणि या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते प्रमाण अधिक होते. त्यात तुमच्या वडिलांच्या चारित्र्याचा काडीचाही दोष नाही. घरी हे एकदा मोठ्याने बोलून टाका.

आता रसायन. १९५४ साली मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि कळ दाबली की तारेतून हलका विद्युतप्रवाह जाईल अशी सोय केली. उंदीर ती कळ दाबतच राहिले. लोकांनी त्या जागेला ‘आनंदकेंद्र’ म्हटले, डोपामिन त्या वाटेवरचे मुख्य रसायन ठरले आणि गणित जुळल्यासारखे झाले. परंतु उंदीर कळ दाबतो म्हणजे त्याला आनंद होतो, हे आपण ठरवले होते. उंदराने तसे कधी सांगितलेले नाही.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी निराळीच गोष्ट पाहिली. जिभेवर साखरेचे पाणी पडले की उंदीर मिटक्या मारतो, तान्हे मूलही तसेच करते, आणि कडू लागले की दोघेही तोंड वाकडे करतात. चेहऱ्यावरची ही खूण म्हणजे आवडल्याची पावती. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ नाहीसे केले. ते उंदीर शेजारी अन्न असूनही तोंड लावीनात. नळीने भरवले नाही तर उपाशी मरावेत अशी अवस्था. आणि तरीही साखरेचे पाणी जिभेवर सोडले की पूर्वीसारख्याच मिटक्या! गोडी शाबूत होती, ओढ मात्र गेली होती. मिटक्या वाढवणाऱ्या जागा वेगळ्या निघाल्या. त्या अगदी चिमुकल्या, उंदरात जेमतेम एक घन मिलिमीटरच्या, आणि त्यांची मदार मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांवर आणि आनंदामाइडसारख्या, मेंदूतल्याच गांजासदृश रेणूंवर.

त्याला वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे काम जोडा. अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या डोपामिन पेशी खडबडून जाग्या होत. दिवा लागल्यानंतर रस मिळतो हे एकदा कळले की त्या दिवा लागताच उसळत, आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचा नेहमीचा ठेकाही मंदावे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या पेशी मोजत होत्या. मिळेल की नाही याची खात्री कधीच नसलेला पत्त्यांचा डाव अशा यंत्रणेला सोडवत नाही, यात नवल नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत गोळीने त्या ओढीचाच आवाज मोठा केला असावा. त्या खेळात त्यांना गोडी होती का, हे मात्र त्यांनाच विचारायला हवे.

आडवाटेचा

सगळे वाचले. विज्ञानाबद्दल आदर आहे, पण एक शंका उरतेच. प्रेम म्हणजे ऑक्सिटोसिन, आनंद म्हणजे अमुक, ओढ म्हणजे तमुक, असे करत गेल्यावर माणसाच्या हाती काय उरते? मला मुलगी झाली तेव्हा जे वाटले ते नऊ अमिनो आम्लांच्या साखळीमुळे, असे कोणी म्हटले तर मला हसू येते आणि थोडा रागही येतो.

मृदगंधा

@आडवाटेचा, मी जीवरसायनाची माणूस आहे आणि तुमच्या रागात बऱ्यापैकी सहभागी आहे. ऑक्सिटोसिनचा प्रवास पाहिला तर ‘प्रेमाचे रसायन’ हे बिरुद त्याच्यावर बाहेरून चिकटवलेले आहे, हे लगेच दिसते. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी पाहिले ते एवढेच की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते. १९५३ मध्ये विन्सेंट द्यू व्हिनियो यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. आजही प्रसूतीच्या खोलीत ते कळा वाढवण्यासाठी आणि नंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी वापरतात. (पाहा, इथेही ‘कळ’ आलीच.)

प्रेमाची कथा सुरू झाली जोडीने राहणाऱ्या माळरानी व्होल उंदरांवरून. मग २००५ मध्ये नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारल्याने माणसे अनोळखी व्यक्तीवर अधिक विश्वास टाकतात, असा निबंध गाजला. नंतर तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तेच उत्तर खात्रीने मिळाले नाही. २०११ च्या एका अभ्यासात तर त्याच फवाऱ्याने आपल्या गटाविषयीचा पक्षपात वाढलेला दिसला. आणि २०२३ मध्ये ज्या व्होल उंदरांमध्ये जनुकीय बदल करून ऑक्सिटोसिनचा ग्राहीच काढून टाकला होता, त्यांनीही जोड्या जमवल्या आणि पिल्ले वाढवली. आयुष्यभर ग्राही नसल्यामुळे इतर यंत्रणांनी ते काम उचलले असेल, असा एक अर्थ लावता येतो. पण एका रेणूच्या नावावर प्रेमाचा सातबारा करता येत नाही, एवढे तरी त्यातून नक्की होते.

मुलगी हातात आली तेव्हा तुमच्या शरीरात रसायने हलली, यात शंका नाही. ती हलली कारण मुलगी आली. हा क्रम उलटा वाचला की राग येतो, आणि तो यायलाच हवा.

आडवाटेचा

शेवटच्या तीन वाक्यांसाठी आभार. राग मागे घेतो, हसू ठेवतो.

लांबपल्ला

आमच्यासारख्या धावणाऱ्यांना एंडॉर्फिनची फार भक्ती. आठ-दहा किलोमीटरनंतर पाय आपोआप पडू लागतात, कुरकुर थांबते, उगाचच सगळ्यांविषयी बरे वाटू लागते. ते एंडॉर्फिन, असे आम्ही एकमेकांना सांगतो. मृदगंधा किंवा शिशिरपान, हे तरी खरे आहे का?

मृदगंधा

अनुभव शंभर टक्के खरा, नाव बहुधा चुकलेले. एंडॉर्फिन म्हणजे शरीरातले मॉर्फिन. १९७३ मध्ये अफूचे ग्राही मेंदूत सापडले, तेव्हा प्रश्न पडला की खसखशीच्या बोंडातल्या द्रव्यासाठी मेंदूने कुलूप कशाला बनवून ठेवले असेल. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून त्या कुलपाच्या मूळ किल्ल्या, एन्केफॅलिन, शोधून काढल्या. धावताना रक्तातले एंडॉर्फिन वाढते हे खरे, पण तो मोठा रेणू आहे आणि पडदा सहजी ओलांडत नाही. २०२१ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी धावकांना अफूचे ग्राही अडवणारे नॅलट्रेक्सोन देऊन पळवले, तरी ती तरंगल्यासारखी अवस्था आली ती आलीच. संशयाची सुई आता आनंदामाइडच्या कुळाकडे आहे, कारण ते रेणू स्निग्ध असतात आणि पडदा सहज ओलांडतात. हा रेणू १९९२ मध्ये जेरुसलेम येथे राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्याचे नाव थेट आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ठेवले गेले. रसायनशास्त्राच्या कोशात आनंद असा शिरला.

एंडॉर्फिनची बाजूही थोडी राखते. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक सुंदर प्रयोग झाला. औषध म्हणून नुसते खारे पाणी टोचले तरी काहींचे दुखणे कमी होते. पण अफूचे ग्राही अडवणारे नॅलोक्सोन दिले की तो दिलासा ओसरतो. म्हणजे ‘आता बरे वाटेल’ या भरवशाने मेंदू आपले स्वतःचे वेदनाशामक सोडत होता.

नावापुरता

मी सहसा फक्त वाचतो. हा धागा उघडला तेव्हा पोटात गोळा आला होता. पाच वर्षांपूर्वी मला नैराश्याचे औषध सुरू झाले. पहिले दोन आठवडे मळमळ आणि उडालेली झोप याखेरीज काहीच पदरी पडले नाही. मग एका सकाळी दात घासताना लक्षात आले की मी गुणगुणतो आहे. नळाचे पाणी वाहत राहिले आणि मी ब्रश हातात धरून तसाच उभा. त्यानंतर २०२२ मध्ये बातम्या झळकल्या की सेरोटोनिनचा सिद्धांत कोलमडला. मला वाटले, मी फसवला गेलो. मी कोणालाही न विचारता गोळ्या एकदम थांबवल्या. आठवड्याभरात भोवळ, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि विनाकारण रडू. मग परत डॉक्टरांकडे. आता तुमचा लेख वाचून पुन्हा तोच प्रश्न: कमतरता नव्हती, तर मी काय दुरुस्त करून घेत होतो?

शिशिरपान

@नावापुरता, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी लेखात हा भाग घाईने उरकला, ती चूक माझी.

२०२२ च्या त्या आढाव्याचे म्हणणे होते की नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. त्यावर तज्ज्ञांमध्ये बरीच खडाजंगी झाली. पण औषधे काम करतात की नाही, हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता. त्या प्रश्नासाठी २०१८ चे विश्लेषण पाहावे: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधे, आणि सगळीच नकली गोळीपेक्षा सरस. फरक सरासरीने मध्यम होता, डोळे दिपवणारा नव्हता, पण होता. तापावर पॅरासिटामॉल लागू पडते म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला असे आपण म्हणत नाही, आणि तशी कमतरता नाही म्हणून गोळी खोटीही ठरत नाही.

काय दुरुस्त होते, याची आज सर्वाधिक पटणारी मांडणी अशी की सेरोटोनिन वाढणे ही सुरुवात असते. पुढच्या काही आठवड्यांत ग्राहींची संवेदनशीलता बदलते, पेशींची वाढ घडवणारी प्रथिने वाढतात, पेशींमध्ये नवे जोड तयार होतात आणि मेंदू पुन्हा शिकण्याजोगा लवचीक होतो. म्हणूनच औषधाच्या जोडीला समुपदेशन असेल तर अनेकांना दोन्हींचा मिळून अधिक लाभ होतो. गुणगुणणे परत यायला जे आठवडे गेले, ते बहुधा या बांधकामाचे होते. औषध अचानक तोडले की मेंदूला सवय झालेला आधार एकाएकी निघतो, म्हणून ते झटके. ते थांबवायचे असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने उतरावे. आणि इतर वाचकांसाठी: कशातच रस नसणे टिकून राहिले तर थायरॉइड आणि ब १२ यांची तपासणी जरूर करून घ्या. सेरोटोनिनची तपासणी नसली तरी या दोन्हींची आहे, आणि त्यांतला बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो.

झुळूक

अवांतर वाटेल, पण ‘डोपामिनचा उपवास’ करणाऱ्यांविषयी कोणी बोलेल का? माझा भाऊ रविवारी फोन, गाणी, गप्पा सगळे बंद करून भिंतीकडे पाहत बसतो आणि म्हणतो की पातळी पूर्ववत करतो आहे.

रात्रपाळी

डोपामिन खरेच संपले तर काय होते, ते वर सशांच्या गोष्टीत आले आहे. फोन बाजूला ठेवल्याने भावाला बरे वाटत असेल तर अवश्य ठेवू द्या, सवयीची खूण नजरेआड झाली की ओढ मंदावते, हे वरच्या दिव्याच्या आणि रसाच्या प्रयोगाला धरूनच आहे. पण गप्पा कशाला बंद? एकत्र खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सहन करण्याची ताकद वाढते, असे २०११ मध्ये रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. त्यांना भिंतीसमोरून उठवा.

झुळूक

उठवले. येताना भिंतीवरचा डाग पुसून आला.

शिशिरपान

ज्या विद्यार्थिनीपासून हा धागा सुरू झाला, तिच्याविषयी दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. त्या दिवशी मी तिला ‘तपासणी नसते’ एवढेच सांगितले आणि ती निघून गेली. दोन दिवसांनी मीच तिला बोलावले आणि सेरोटोनिनचा विषय न काढता झोप कशी आहे ते विचारले. ती बराच वेळ बोलली. महाविद्यालयाच्या समुपदेशकांकडे ती आता जाते, याहून अधिक लिहिणे योग्य नाही.

कंदीलवाला

धागालेखकांनी सुचवल्याप्रमाणे काल बाबांना विचारले. गोळी पूर्ण बंद होऊन आता सव्वा वर्ष झाले आहे. कंप थोडा परतला आहे, वरचे बटण पुन्हा आई लावते, आणि मोबाइलवर पत्त्यांचा खेळ उरलेला नाही. मी आधी तो १३.६ टक्क्यांचा आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि आईला हाक मारून तिलाही ऐकवायला लावला. मग मी विचारले, "बाबा, खेळताना मजा यायची का?"

ते बराच वेळ उजव्या हाताकडे पाहत राहिले. म्हणाले, "पहिल्या आठवड्यात आली असेल. नंतर नाही रे. जिंकलो तरी काही वाटायचं नाही, पुढचा डाव कधी पडतो एवढंच. झोप यायची, डोळे जळायचे, आणि बोट आपलं दाबतच राहायचं."